रजबची नववी, श्रावणाची दशमी

यंदा धोंड्याचा महिना श्रावणातच आला. म्हणजे श्रावण दोन, एक अधिक आणि एक निज. लोकांना त्याचं काही वाटत नाही. बायका अनारशाचं पीठ करून ठेवतात, जावयांना सांगावे जातात, जावई तोंडदेखलं 'कशाला, कशाला' करत येतात आणि वाण घेऊन, ढेकर देऊन परत जातात. पण मी श्रावणातली, शुद्ध दशमीची. असं वर्ष उगवलं की माझ्या डोक्यात जो घोळ सुरू होतो तो दिवाळीपर्यंत निस्तरत नाही. एका वर्षात दोन दशम्या. त्यातली एक माझी आणि दुसरी नुसतीच माझ्यासारखी दिसणारी.

आम्ही दोघं वाणासाठी तलवाड्याला, माझ्या माहेरी आलो. ह्यांनी अनारसे खाल्ले, कोळपणीचं कारण पुढे केलं आणि गाडी जुंपली. मी म्हटलं, "मी निजातली दशमी करूनच येते." या वयात वाढदिवस, असं ह्यांनी डोळ्यांनीच विचारलं. वाढदिवसासाठी थांबले होते की माझ्या म्हाताऱ्या वडिलांसाठी, अप्पांसाठी, की ज्यांचं नाव या घरात कुणी घेत नाही त्यांच्यासाठी, हे माझं मलाच सांगता आलं नसतं.

वहिनी तुपात अनारसा सोडायची, तेव्हा खसखस भाजल्याचा वास पार ओट्यापर्यंत यायचा. तो वास आला की मी परत लहान व्हायचे. असाच श्रावणातला धोंडा माझ्या लहानपणी एकदा आला होता. ते वर्ष मला आजवर नीट उलगडलेलं नाही.

त्याआधी खाँसाहेबांचं सांगायला हवं. ते हैदराबादेत कुणा नवाबाकडे गायला होते. नवाब गेले, गाणं उघड्यावर आलं. गेवराईच्या एका उरसात अप्पांनी त्यांना ऐकलं आणि सरळ गाडीत घालून तलवाड्याला आणलं. आमची शेती बरी होती. मळ्यातली खोली झाडून दिली, दूधदुभतं चालू केलं. आई म्हणायची, यांनी बाजारातून बैल आणावा तसा गवई आणला. खाँसाहेबांनी दोघांनाच शिकवलं. अप्पांना गाणं आणि दाऊदचाचांना सारंगी. दाऊदचाचा गेवराईचे पिंजारी. दिवसभर कापूस पिंजायचा आणि सवड मिळाली की सारंगी पाठीला बांधून तलवाड्याची वाट धरायची. अप्पा त्यांना चिडवायचे, "दाऊद, हातात कापसाची कमान हाय का सारंगीचा गज, बगून घे बे आधी." चाचा हसायचे आणि दाढीतला कापूस झटकायचे.

चाचांची एक गंमत होती. आई मला परसातून हाक मारायची ती लांबवून, शेवटाला जरा वर चढवून, 'गोदेऽऽ' अशी. चाचा ती हाक हुबेहूब सारंगीवर काढायचे. मी कुठेही असले तरी 'आले' म्हणत धावत यायचे आणि ओट्यावर दोघंतिघं पोट धरून हसत असायचे. आईलाही राग यायचा नाही. एकदा तर ती स्वतःच चुलीपासून म्हणाली, "मी कवा हाक मारली गं हिला?"

खाँसाहेब गेले ते माझ्या वाढदिवसाला. दुपार कलली होती. ते ओट्यावर बाजेवर पडून ऐकत होते, अप्पा मुलतानी राग गात होते, चाचा साथीला. आईनं ओवाळणीचं तबक तयार ठेवलं होतं. गाणं संपलं की मला ओवाळायचं. खाँसाहेबांनी एकदा "हौ" म्हटलं, समाधानानं म्हणतात तसं, आणि डोळे मिटले. दोघांना वाटलं, आवडलं. त्या आनंदात त्यांनी चीज आणखी फुलवली, पुन्हा पुन्हा समेवर आणली. संपल्यावर कळलं की ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. आई तबक हातात घेऊन दारात उभी. निरांजन पेटलेलं. आता काय करायचं, हे तिला कळेना. शेवटी संध्याकाळी मला दाराआड ओढून तिनं घाईघाईनं ओवाळलं आणि तोंडावर बोट ठेवलं. पेढा होता, पण हसायचं नव्हतं. आपला दिवस गोड मानायचा की कडू, हा प्रश्न मला त्या दाराआड पडला, तो अजून सुटला नाही.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी दोघांनी 'हाजरी' दिली. उस्तादांच्या दिवशी शागिर्दांनी एकत्र बसून त्यांचीच चीज वाजवायची-गायची, ही त्यांच्यातली रीत. तीच वेळ, तोच मुलतानी, रिकामी बाज मांडलेली. हाजरी झाल्यावर चाचांनी सारंगीवर 'गोदेऽऽ' केलं आणि आईनं मला सगळ्यांसमोर ओवाळलं. आधी गेलेल्याचं, मग आलेल्याचं. मला वाटलं, लागली घडी. आता दरवर्षी असंच होणार.

त्या दिवशी अप्पांच्या लेखी श्रावण शुद्ध दशमी होती आणि चाचांच्या लेखी रजबची नववी. दोन्ही चंद्राचेच हिशेब, म्हणून दोन्ही एकाच दिवसावर उतरले. 'पुढच्या साली कोणता दिवस धरायचा' असं कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दिवस एकच तर होता. गावच्या चावडीत सरकारी फसली सालाचे महिने चालायचे, तिथं तो दिवस कुठल्या तरी मेहेर महिन्यात पडला असेल. पण मेहेर फक्त सरकारचा. गाण्याला त्याची गरज नव्हती.

आणि मग धोंडा आला. आपल्या पंचांगाला अधूनमधून एक महिना जास्तीचा घालावा लागतो, नाहीतर दिवाळी उन्हाळ्यात जायची. मुसलमानी सालात असा महिना घालत नाहीत. तिथं चांद बघायचा आणि पुढं जायचं. ही गोष्ट अप्पांना ठाऊक होती, चाचांनाही ठाऊक होती. दोघंही आयुष्यभर एकमेकांचे सण खात आले होते. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या माणसाचा दिवस त्या हिशेबात सापडेल असं मनात येणं वेगळं.

त्या अधिक श्रावणात अप्पांना सासुरवाडीचं बोलावणं आलं, नांदूरघाटाला, वाणासाठी. आम्ही घराला कुलूप लावलं आणि गाडीत बसलो. पावसाची भुरभुर, डोक्यावर गोणपाट, बाजूला बाजरी पोटरीला आलेली. मांजरसुंब्याचा घाट चढताना अप्पा खाली उतरून बैलांबरोबर चालले आणि गुणगुणत राहिले. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून चाकांचा आवाज ऐकत होते. इतकं स्वच्छ आठवतं, आणि तरी त्या प्रवासाकडे मी कधी नुसत्या आनंदानं बघू शकत नाही.

नांदूरघाटात दशमी उजाडली. मी सकाळीच मामीपुढे जाऊन बसले, ओवाळायला.

"काय गं?" मामीनं विचारलं.

"माझा वाढदिवस हाय आज. श्रावणातली दशमी."

मामी खो खो हसली. "अगं ये खुळे, ही अधिकातली दशमी! धोंड्याच्या महिन्यात वाढदिवस धरत न्हाईत. तुझी दशमी म्होरल्या महिन्यात."

"मंग आज कुनाची हाय?"

"कुनाचीच न्हाई. आज नुसता अनारसा खा."

मी भोकाड पसरलं. दशमी आहे, श्रावण आहे, आभाळ तसंच आहे आणि दिवस माझा नाही, हे मला पटेना. काही केल्या मी गप्प बसेना, तेव्हा अप्पांनी मला जवळ घेतलं आणि गायला लागले. जेवणं आटपली होती, दुपार कलली होती. त्यांनी मुलतानी धरला. का धरला, त्यांनाही सांगता आलं नसतं. मेव्हण्या दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. गाताना ते मधेच थांबायचे, जरा कान द्यायचे. तेव्हा मला वाटलं, आठवत असतील. आता कळतं, सारंगीसाठी जागा सोडत होते.

घरी परतलो तर शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. "दाऊदभाई आलतं. दशमीच्या दुपारी. कुलूप बगितलं. लई वेळ नुसतंच बसलं, मंग वट्यावरच वाजविलं. पानी देऊ का म्हनलं, तर नको म्हनलं. निघून गेलं."

"त्या दिवशी कावून आलता हा?" अप्पा आईला म्हणाले. "कापसाचं काही काम असंल. येईल की म्हयन्यानं, हाजरीला."

महिना झाला. निज श्रावणाची दशमी आली. अप्पांनी सतरंजी अंथरली, बाज मांडली, तंबोरा लावला. आईनं तबक तयार केलं. दुपार कलली, आणखी कलली. गेवराईच्या वाटेवर माणसं दिसायची, पण पाठीला सारंगी कुणाच्या नसायची. दिवेलागणीला अप्पांनी एकट्यानं चीज म्हटली, इतकी भरभर की जणू काम उरकायचं होतं. मग आईला म्हणाले, "कुलपाफुडं वाजवाया सवड हाय त्याला. उस्तादाच्या दिवसाला न्हाई." त्या दिवशी मला ओवाळलं गेलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

तिकडे गेवराईत चाचांनी भेटेल त्याला सांगितलं होतं, "उस्ताद की बरसी कू अप्पा ससुराल गया, अनरसे खाने कू. घर कू ताला." आमच्या गाडीवानानं ते जसंच्या तसं आणून अप्पांच्या कानात ओतलं. त्यांनी फक्त पान थुंकलं.

हे कोडं सोडवलं आईनं. ती अडाणी, पण महिने तिच्या बोटांवर असायचे. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती थांबली आणि म्हणाली, "आवो, त्यांचा चांद सरळ गेला आन आपल्यात धोंडा पडला. ते त्यांच्या दिवसालाच आलतं. तुमी बी तुमच्याच दिवसाला बसलात. चुकलं कुनाचंच न्हाई."

मला वाटलं, झालं, मिटलं. अप्पांनी आढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग त्यानं इचारायचं व्हतं."

गाडीवानानं ते गेवराईला पोचवलं. तिकडून उत्तर आलं, "अप्पा ने पूछना था."

इथं माझी मती गुंग होते. भांडण गैरसमजाचं होतं, तर समज आल्यावर ते संपायला हवं होतं. ते संपलं नाही. उलट त्याला बैठक मिळाली. आधी नुसता राग होता, आता प्रश्न आला, की उस्ताद नेमके कधी गेले? दशमीला की नववीला? चाचांच्या दिवशी जायचं म्हणजे आपली दशमी खोटी, असं अप्पांना वाटायचं. चाचांना नक्की उलटं वाटत असणार. ज्या दोन माणसांनी एकत्र बसून तो क्षण गाठला होता, त्यांनाच तो आता वाटून घेता येईना. आणि त्याच दिवसाला टांगलेली मी. त्यांच्यापैकी एकाचा दिवस खोटा ठरला तर माझा जन्म कोणत्या दिवशी झाला म्हणायचा?

पण एक होतं. दर वर्षी रजबच्या नववीला गाडीवानाबरोबर लाल रुमालात शिरनी यायची: बताशे, खोबरं, खारका. उस्तादांच्या नावाची फातिहा दिलेली. निरोप एकच: "गोदा की सालगिरह." अप्पा तोंड फिरवायचे, आई रुमाल सोडायची, मी खायचे. आणि तो दिवस चालायला लागला. आधी आषाढात गेला, मग ज्येष्ठात. एका वर्षी आमरसाबरोबर बताशे खाल्ले. मग तो ऐन उन्हात आला, मग शिमग्यात, मग हुरड्याच्या दिवसांत. जोंधळ्याची कणसं भाजताना मी खारका चघळत होते आणि आई म्हणाली, "घे, झाला तुझा हिवाळ्यातला वाढदिस." मैत्रिणींचे वाढदिवस एका जागी बसलेले आणि माझा एक घरात बसलेला, एक भटकणारा. घरातल्या दिवशी गाणं असायचं, पण सारंगी नाही. भटकणाऱ्या दिवशी गोड असायचं, पण गाणं नाही. लग्न होऊन सासरी गेले तरी आई शिरनीतलं खोबरं माझ्यासाठी बांधून ठेवायची. दोघं म्हातारे होत गेले, गेवराई तलवाड्यापासून उठून कुठं गेली नाही, तरी कुणी पाऊल उचललं नाही. आई गेली त्या वेळी चाचा आले होते म्हणतात. गर्दीत मागे उभे राहिले आणि तसेच परतले. अप्पांनी पाहिलं की नाही, कुणाला ठाऊक नाही.

यंदा निजातल्या पंचमीला मणेरीण बांगड्या भरायला आली. माझा हात दाबता दाबता म्हणाली, "अभी तो रजब का चाँद हुआ, बाई." मी एकदम हात मागं घेतला, दोन बांगड्या फुटल्या. भटकून भटकून तो दिवस घरी आला होता! ज्या अधिक श्रावणानं दोन दिवस तोडले, त्याच्यासारख्याच एका अधिक श्रावणानं ते परत एकमेकांवर आणून ठेवले होते. या दशमीला नववी होती. कुणाला कुणाच्या दिवशी जावं लागणार नव्हतं. मी हे अप्पांना सांगितलं नाही. सांगितलं आणि काही घडलंच नाही तर?

दशमीला अप्पांनी सतरंजी अंथरून घेतली. आता त्यांचा आवाज गेला आहे. दोन सूर लावले की दम लागतो. तरी तंबोरा लावायला बसले. कान लावून लावून तारा जुळवत होते. सकाळ गेली. जेवणं झाली. दुपार कलायला लागली आणि अप्पांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "गोदे, गेवराईहून काही आलं का?"

मला आधी कळलंच नाही. "काय यायचं, अप्पा?"

"काही न्हाई," ते म्हणाले.

वहिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "वन्सं, शिरनीचं इचारत्यात. सासूबाई गेल्यापासून रुमाल तेच घेतेत. कुनाला एक बताशा बी देत न्हाईत. सोताच बसून खातेत." ज्या गोडाकडे त्यांनी इतकी वर्षं पाठ फिरवली, ते आई गेल्यावर ते एकटे बसून खात होते. म्हणजे रजब कधी लागतो, हे त्यांना दर वर्षी ठाऊक होतं. आजही ठाऊक होतं.

आणि आज शिरनी आली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नव्हती ती. चाचा अप्पांहून मोठे. मी ओट्यावर येऊन बसले. अप्पा तंबोऱ्याच्या तारा पुसत होते, पुसलेल्याच परत पुसत होते. आम्ही दोघंही वाटेकडे बघत नसल्याचं दाखवत होतो.

उन्हं लिंबाच्या शेंड्याला गेली तेव्हा एक गाडी आली. गाडीवानानं आधी सारंगी खाली घेतली, मग चाचांना. पार वाळून गेले होते, दाढी पिंजलेल्या कापसासारखी. हातात लाल रुमाल.

"ये बार मैंच लाया," ते म्हणाले. "गाडीवाले का भरोसा नक्को."

अप्पा उठले नाहीत. सतरंजीची सुरकुती हातानं सारखी करत म्हणाले, "आलास का शेवटी, माझ्या दशमीला?"

"तू बैठा ना शेवटी, मेरी नववी कू!"

दोघांनी एकमेकांकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता परत सुरू. आणि दोघंही हसायला लागले. अप्पांना हसता हसता खोकला आला, चाचांनी त्यांची पाठ चोळली. जिंकलं कोण, हे दोघांनाही कळलं नसावं. मलाही कळलं नाही.

"अगले धोंडे में ससुराल नक्को जा," चाचा म्हणाले.

"आता कोन नेतंय मला सासुरवाडीला?" अप्पांचं हसू ओसरलं. "दिवस परत फुटतील, दाऊद. तू तुझ्या दिवसाला ये. माझ्या बी दिवसाला ये. कुलूप काढून टाकलंय."

मग हाजरी झाली. अप्पांनी अस्थाई धरली, दोन ओळींतच श्वास सुटला. चाचांची बोटंही आखडलेली, तार कधी लागायची, कधी निसटायची. पण अप्पा थांबले की तिथं सारंगी असायची आणि सारंगी अडखळली की तिथं अप्पा. रिकाम्या बाजेवर उन्हाची एक पट्टी पडली होती, ती सरकत सरकत गेली.

संपल्यावर चाचांनी डोळे पुसले. "लडकी का जनम है ना आज?" म्हणाले. वहिनी तबक आणायला वळली, तोवर त्यांनी गज तारेवर ठेवला आणि ओढला.

'गोदेऽऽ'

तीच लांबवलेली, शेवटाला जरा चढलेली. परसातली. आईची. इतक्या वर्षांत त्यांनी ती जशीच्या तशी बोटांत सांभाळून ठेवली होती. अप्पांनी झटकन मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आले."